पुन्हा एकदा, थंड झाल्यावर

पहाटे चार. किल्ली फिरवली की
टिक् टिक् टिक् टिक्,
कुणी बॉनेटखाली बसून नखानं पत्रा वाजवावा तशी.
गेरिंगचा पूल येईपर्यंत विरायची.
लोखंड तापून फुगायचं, फट आपली आपण मिटायची
आणि मी म्हणायचो, चला, गेलं दुखणं.
दुखणं कुठं जातं?
ऊब मिळाली की निजतं, एवढंच.

बीटच्या एका हंगामात हे तिसरं गॅस्केट.
दर खेपेला मी पाना लावला, पान्यावर नळी चढवली
आणि दातओठ खाऊन पिळलं.
बापही असाच पिळायचा.
त्याच्या हाताखाली किती बोल्टांनी मान टाकली
त्याचा हिशेब आमच्या घरात कुणी ठेवला नाही.

एर्ना श्विंटच्या शेडमध्ये रॉकेलचा हीटर,
भिंतीवर साखर कारखान्याचं परवाच्या सालातलं कॅलेंडर,
जुलैवरच थांबलेलं;
चित्रातला घोडा तिला आवडला होता.
तिनं जुनं गॅस्केट दिव्याशी धरलं.
मागच्या नळीच्या तोंडाशी काजळी,
पंख्यासारखी पसरलेली.
"धूर इथून पळत होता," ती म्हणाली,
"आणि तू पुढच्या टोकाला बडवत बसलास."

मग हेडरच्या फ्लँजवर तिनं पोलादी पट्टी आडवी ठेवली
आणि पट्टीखालून फीलरचं पातं सरकवलं.
गेलं.
त्याहून जाड पातं घेतलं.
तेही गेलं.
"वाकलाय. वाकलेल्याला एकीकडून दाबलं
की दुसरीकडून उचलतो."
मी हीटरच्या जाळीकडे बघत राहिलो.

फ्लँज घासून सपाट केला. हेडच्या तोंडावरचा जुना थर
पितळी खरवडणीनं, धीरानं, पापुद्रा पापुद्रा काढला.
तुटलेला एक स्टड आत अडकून होता, बापाच्या काळचा असावा;
त्यानं पाऊण तास खाल्ला आणि दोन शिव्या.
मी विचारलं, वरून लाल पेस्ट लावू का भरपूर?
"लाव. जळून जाईल,
आणि तोवर फट तुझ्यापासून लपून राहील."

खाली गेली ती आणि हसली.
सायलेन्सरच्या नळीचा टांगता पट्टा कधीच तुटला होता,
दोन माणसांचं ओझं
हेडरच्या बोल्टांना लटकून नेब्रास्काभर हिंडत होतं.
"गॅस्केट बिचारं काय करणार?"

मग मधून बाहेर, एकदा इकडे एकदा तिकडे,
थोडं थोडं, तीन फेऱ्यांत.
टॉर्कचा पाना कट् म्हणाला की हात काढायचा.
मला ते कट् फारच लवकर वाटलं.
हात अजून थोडं मागत होता.
ती हाताकडे बघत होती.

इंजिन तापवलं. बंद केलं.
"आता पूर्ण गार होऊ दे. मग पुन्हा."
मी म्हटलं, उद्या कारखान्यावर रांग आहे.
"मग परवा चौथं गॅस्केट घेऊन ये."

थांबलो. तिनं सफरचंद चिरलं,
एक फोड मला, एक कुत्र्याला.
बाहेर वारा, आत लोखंड निवतानाचे बारीक टणत्कार,
मध्येच एक, मग बराच वेळ काहीच नाही.
रात्री अकराला हेडरला हात लावला,
आपल्या हाताइतकंच गार.
पाना लावला, तर एकेक बोल्ट
पाव फेरा आत गेला. सगळेच्या सगळे.
मी तर त्यांना पक्के समजून घरी निघालो असतो.

पहाटे चार. किल्ली.
काहीच नाही.
नुसतं इंजिन, भरल्या पोटानं घोरल्यासारखं.
दहा टन बीट घेऊन स्कॉट्सब्लफच्या वळणाला लागलो
आणि त्या शांततेत पहिल्यांदा ऐकू आलं:
उजव्या पुढच्या चाकातून
घूं… घूं…
किती महिने म्हणत होतं, कोण जाणे.